डावं लिव्हर वाढलं, आणि नंतर गाठही: कोल्हापूरच्या एका रुग्णाच्या प्रकरणाचा अभ्यास

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधला एक शब्द या प्रकरणात फार महागात पडला: ‘हायपरट्रॉफी’. रेडिओलॉजिस्टने लिहिलं होतं की लिव्हरच्या डाव्या भागाची अपेक्षेप्रमाणे वाढ झाली आहे. ती वाढ मुद्दाम घडवून आणलेली होती, त्यासाठी चार आठवडे थांबलो होतो, आणि लिव्हरच्या उजव्या भागात पसरलेला आतड्याचा कॅन्सर काढण्याच्या ऑपरेशनचं दार त्या वाढीनेच उघडणार होतं. घरच्यांनी रिपोर्ट वाचला आणि रुग्णाच्या पत्नीने विचारलं, “डॉक्टरसाहेब, डावीकडं बी वाढलंय म्हणजे तिकडंबी पसरलं व्हय?”

प्रश्न चुकीचा नव्हता. निरोगी लिव्हरला वाढायला लावणारे काही संदेश कॅन्सरच्या पेशींनाही ऐकू जातात. दोन्ही वाढी वेगळ्या, पण एकाच रक्तात भिजलेल्या. हा फरक आणि हा संबंध दोन्ही वेळेवर समजावून सांगायला हवे होते. ते झालं नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडतो आहोत. रुग्ण अभ्यासासाठी उभा केलेला आहे, कुणा एका व्यक्तीची ही हकिकत नाही. पण निर्णय, आकडे आणि चुका प्रत्यक्ष उपचारांत जशा घडतात तशाच आहेत.

रुग्ण

वय 56, पुरुष, वजन 62 किलो, उंची 165 सेंमी. करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा, हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या. सहा महिने शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून मलम आणि चूर्ण चालू होतं. हिमोग्लोबिन 9.2 वर आल्यावर कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात गाठ सापडली. सीटीमध्ये लिव्हरच्या उजव्या भागात तीन गाठी दिसल्या, सर्वांत मोठी 5.4 सेंमीची. रक्तातलं सीईए, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन, 86 होतं. धूम्रपान न करणाऱ्यात ते साधारण 3 च्या आत, धूम्रपान करणाऱ्यात 5 च्या आत असतं.

एप्रिलमध्ये आतड्याचं ऑपरेशन झालं. काढलेल्या लिम्फ नोडपैकी (लसिका ग्रंथींपैकी) तीनमध्ये कॅन्सर होता. गाठीच्या तपासणीत केआरएएस जनुकात बदल आढळला, म्हणजे सेटुक्सिमॅबसारख्या औषधाचा उपयोग नव्हता. मेच्या अखेरीपासून ऑक्सॅलिप्लॅटिन, फ्लुरोयुरासिल आणि ल्युकोव्होरिन यांचे दर दोन आठवड्यांनी सहा डोस दिले, सोबत बेव्हॅसिझुमॅब. बेव्हॅसिझुमॅब सहाव्या डोसातून मुद्दाम वगळलं. ते नव्या रक्तवाहिन्या तयार होऊ देत नाही, आणि जखम भरायलाही रक्तवाहिन्या लागतात. म्हणून ते आणि लिव्हरचं ऑपरेशन यांत सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात. ऑगस्टच्या मध्याला सहावा डोस संपला. मोठी गाठ 3.8 सेंमीवर आली, सीईए 19 वर.

आता लिव्हरचा उजवा भाग काढायचा होता. अडचण उरणाऱ्या भागाची होती.

किती उरलं तर पुरतं?

लिव्हर कापल्यावर माणूस तगतो की नाही हे किती काढलं यावर नाही, तर किती ठेवलं यावर ठरतं. निरोगी लिव्हरचा किमान 20 टक्के भाग मागे राहायला हवा. बरीच केमो झालेली असेल तर 30 टक्के, आणि सिरॉसिस असेल तर 40 टक्के. ऑक्सॅलिप्लॅटिनने लिव्हरमधल्या बारीक रक्तपोकळ्यांना इजा होते. ऑपरेशनच्या टेबलावर असं लिव्हर निळसर दिसतं आणि कापताना जास्त रक्त गळतं. या रुग्णाला म्हणून 30 टक्क्यांचीच रेघ लावली.

टक्का कशाच्या तुलनेत काढायचा, इथे बरेचदा घोळ होतो. गाठींनी भरलेल्या लिव्हरचं सीटीवर मोजलेलं माप धरलं तर हिशेब चुकतो. शरीराच्या पृष्ठभागावरून प्रमाण माप काढावं: 1267.28 गुणिले पृष्ठभाग, उणे 794.41. या रुग्णाचा पृष्ठभाग 1.69 चौरस मीटरच्या आसपास, म्हणून प्रमाण माप सुमारे 1340 मिली. मागे राहणारा डावा भाग सीटीवर 335 मिली भरला. म्हणजे 25 टक्के. पाच टक्के कमी.

यावर उपाय म्हणजे उजवीकडची पोर्टल शीर बंद करणे. लिव्हरला येणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. सोनोग्राफीच्या आधाराने त्वचेतून सुई घालून उजव्या शाखेत बारीक कण किंवा वैद्यकीय गोंद आणि धातूच्या कॉइल सोडतात. मग पोर्टलचं सगळं रक्त डावीकडे वळतं आणि डावा भाग वाढू लागतो. जपानमध्ये माकुउची यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत रुळवली. ऊसकऱ्याला हे पटकन पटतं: एका पाटाचं दार बंद केलं की पाणी दुसऱ्या सरीत जातं. फक्त इथे सरी भिजून थांबत नाही, ती रुंदही होते.

ही प्रक्रिया सहाव्या डोसानंतर तिसऱ्या आठवड्यात, पुण्यात ठरली होती. “गणपती झाल्यावर करू” असं घरच्यांनी म्हटलं आणि कुणी फार अडवलं नाही. पाचवा आठवडा उजाडला. त्यानंतर चार आठवड्यांनी सीटी केला तेव्हा डावा भाग 455 मिली भरला, म्हणजे 34 टक्के. वाढ नऊ टक्क्यांची, आठवड्याला सव्वादोन टक्के. या वेगाला स्वतःचं महत्त्व आहे. आठवड्याला दोन टक्क्यांपेक्षा कमी वाढ झाली तर माप पुरेसं दिसत असूनही ऑपरेशननंतर लिव्हर निकामी होण्याचा धोका जास्त असतो. वेगाने वाढणारं लिव्हर म्हणजे तब्येतीत असलेलं लिव्हर.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती. मोठी गाठ 3.8 वरून 4.3 सेंमी झाली होती.

एकाच पाण्यावर दोन पिकं

लिव्हरच्या पेशी एरवी शांत असतात, वर्षभरात क्वचितच विभागतात. भाग कापला किंवा पोर्टल रक्त एकीकडे वळलं की उरलेल्या भागातल्या रक्ताचा दाब आणि घर्षण वाढतं. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 सोडतात. हा पहिला इशारा. त्याने पेशी विभागणीसाठी तयार होतात. मग एचजीएफ हा वाढीचा घटक पेशीवरच्या सी-मेट नावाच्या कुलपात किल्लीसारखा बसतो आणि विभागणी सुरू होते. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतो. पुरेसं वाढलं की टीजीएफ-बीटासारखे घटक लगाम ओढतात. उंदरांच्या लिव्हरचा दोन तृतीयांश भाग काढून ही वाढ मोजण्याची पद्धत हिगिन्स आणि अँडरसन यांनी 1931 मध्ये मांडली. तिच्यात आठ-दहा दिवसांत वजन भरून येतं. माणसात पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने आणि नंतर काही महिने संथपणे. कापलेला उजवा भाग परत उगवत नाही, मागे राहिलेला डावाच फुगून मोठा होतो. म्हणून ऑपरेशननंतरच्या स्कॅनमध्ये लिव्हर वेडंवाकडं दिसतं. ते तसंच दिसायला हवं.

आता गाठीकडे. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवरही सी-मेटची कुलपं असतात. व्हीईजीएफ त्यांनाही रक्त पुरवतो. शिवाय अशा गाठी मुख्यतः धमनीच्या रक्तावर जगतात, आणि पोर्टल शीर बंद झाली की त्या बाजूचा धमनीचा प्रवाह आपोआप वाढतो. उजवीकडे गाठ होती तिथे धमनीचं रक्त वाढलं, आणि केमो थांबलेली. अर्धा सेंमी वाढीचं कोडं यात बरंचसं सुटतं.

यातून “लिव्हर वाढवल्यामुळे कॅन्सर होतो” असा अर्थ काढू नये. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये लिव्हरचा जितका मोठा भाग काढला, तितक्या आधीच पेरलेल्या गाठी जोमाने वाढल्याचं अनेकदा दिसलं आहे. माणसांत चित्र इतकं सरळ नाही. पोर्टल शीर बंद करून मग ऑपरेशन झालेल्यांचं आयुष्यमान, तशी गरज न पडलेल्यांच्या जवळपास राहिल्याचं बऱ्याच रुग्णालयांच्या अनुभवात दिसतं. परत येणारा कॅन्सर बहुतेकदा आधीच लपलेल्या, स्कॅनला न दिसणाऱ्या पेशींचा असतो. लिव्हरची वाढ त्या पेशी जन्माला घालत नाही. जाग्या असतील तर त्यांना खत मिळतं. त्यामुळे वाढ टाळणं हा उपाय नव्हेच. लिव्हर वाढलं नाही तर रुग्ण कॅन्सरच्या आधी लिव्हर निकामी होऊन जाईल. उपाय एवढाच की वाढ गरजेपुरतीच मागावी, आणि वाढीच्या काळात कॅन्सरला मोकळं रान मिळू देऊ नये.

गमावलेले आठवडे

शेवटच्या केमोपासून नवव्या आठवड्यात सीटी झाला होता, ऑपरेशन दहाव्यात व्हायला हवं होतं. ‘हायपरट्रॉफी’ शब्दाने घर हादरलं. गावातल्या कुणीतरी गुळवेलीचा काढा सुरू करायला सांगितला, आठ दिवस तो घेतला. ऑपरेशनपूर्व तपासणीत एसजीपीटी, जे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं, 48 वरून 132 वर गेलेलं. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनीच प्रसिद्ध केल्या आहेत. काढा बंद केला, पुन्हा तपासण्या केल्या, आकडे उतरले. ऑपरेशन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. शेवटच्या केमोपासून बारा आठवडे.

हे बारा आठवडे आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी त्रुटी. काढ्याचा दोष घरच्यांवर ढकलणं सोपं आहे, पण रिपोर्ट हातात देताना “डावी बाजू वाढली, हेच आपल्याला हवं होतं” एवढं वाक्य कुणी बोललं असतं तर काढ्याची वेळच आली नसती. दुसरी गोष्ट वैद्यकीय निर्णयाची. पोर्टल शीर बंद केल्यानंतरच्या चार आठवड्यांत केमोचा एखादा-दुसरा डोस देता येतो. त्याने लिव्हरची वाढ फारशी अडत नाही असा अनुभव आहे. ऑपरेशन लांबतंय हे दिसताच तो द्यायला हवा होता. इथे “लवकरच ऑपरेशन आहे” म्हणत राहिलो आणि ते लवकर आलं नाही.

तिसरी त्रुटी तपासणीची. लिव्हरच्या पेशी शोषून घेतात अशा गॅडॉक्सेटेट औषधासह एमआरआय केला असता तर एक सेंमीच्या आतले ठिपके सीटीपेक्षा चांगले दिसले असते. खर्च वाचवायला तो वगळला गेला. ऑपरेशनमध्ये लिव्हरवर थेट सोनोग्राफीचा प्रोब फिरवल्यावर डाव्या भागात, सेगमेंट 3 मध्ये (लिव्हरच्या क्रमांक दिलेल्या भागांपैकी एक), 8 मिलिमीटरची गाठ सापडली. जुना सीटी पुन्हा उघडला तरी तिथे काही दिसत नव्हतं. ही गाठ वाढत्या भागातच बसलेली होती.

ऑपरेशन आणि पहिले नऊ दिवस

उजवे चार सेगमेंट काढले. सेगमेंट 3 मधली गाठ भोवतीच्या जेमतेम 15 मिली भागासह कोरून काढली. भूलतज्ज्ञांनी मध्यवर्ती शिरेचा दाब पाचच्या खाली ठेवला, रक्तप्रवाह 15 मिनिटं दाबून 5 मिनिटं सोडणे असं चार वेळा केलं. मुद्दाम थोडं थोडं: रक्त फार वेळ अडवलं की सोडल्यावर लिव्हरला इजा होते आणि ती इजा वाढीलाही मारक, गाठींनाही पोषक. कडेला 2 मिलिमीटर निरोगी भाग मिळाला. एक मिलिमीटरही पुरेसा मानतात.

नंतरच्या दिवसांत बघायचं ते पाचव्या दिवसाचं बिलिरुबिन (काविळीचं माप) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप). पाचव्या दिवशी बिलिरुबिन 2.9 च्या वर आणि आयएनआर 1.7 च्या वर, असं दोन्ही एकदम असेल तर मृत्यूचा धोका पन्नास टक्क्यांच्या पुढे जातो. इथे तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन 3.0 होतं, पाचव्या दिवशी 2.2, आयएनआर 1.6 वरून 1.4. उतरणीला लागलं, हे महत्त्वाचं.

फॉस्फेटकडे मात्र अनेक ठिकाणी दुर्लक्ष होतं. दुसऱ्या दिवशी ते 1.6 होतं, खरं तर 2.5 च्या वर हवं. लिव्हर वाढताना फॉस्फेट उतरतंच, म्हणून थोडं उतरणं शुभलक्षण. पण दीडच्या खाली गेलं तर श्वासाचे स्नायू अशक्त होतात. शिरेतून पोटॅशियम फॉस्फेट देऊन चौथ्या दिवशी ते 2.6 वर आणलं. पॅरासिटॅमॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे दिलं नाही. नवव्या दिवशी घरी.

जेवणात वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे या रुग्णाला दिवसाला 75 ते 90 ग्रॅम. दोन अंडी, 150 ग्रॅम चिकन, दोन वाट्या घट्ट आमटी, अर्धा लिटर दूध यांत ते जवळपास भागतं. रश्श्यावरची तर्री काढून जेवायला हरकत नव्हती. “लिव्हरचं ऑपरेशन म्हणून पथ्याचं, नुसती भाताची पेज” हा समज मात्र रुग्णाची वाढ मारतो. वाढत्या लिव्हरला कच्चा माल लागतो. दारू पूर्ण बंद, काढे पूर्ण बंद.

केमो पुन्हा कधी?

लवकर दिली तर वाढत्या लिव्हरच्या पेशी आणि टाक्यांची जागा दोघांना त्रास. उशिरा दिली तर मागच्या बारा आठवड्यांचीच पुनरावृत्ती. पहिले चार आठवडे थांबावं, आठ आठवड्यांच्या पुढे जाऊ नये, ही साधारण मर्यादा. सातव्या आठवड्यात, डिसेंबरअखेर, सुरुवात केली. गुऱ्हाळं पेटलेली होती, पण रुग्णाला काहिलीपासून लांब ठेवणं त्याच्या मुलाने जमवलं. बोटांना मुंग्या येत होत्या म्हणून ऑक्सॅलिप्लॅटिन चौथ्या डोसानंतर थांबवलं, बाकी औषधं सहा डोसांपर्यंत. गार पाण्यात हात घालायचा नाही ही सूचना त्याला थंडीत तंतोतंत पाळता आली.

अशा केमोबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तिने कॅन्सर परत येणं लांबतं, पण एकूण आयुष्य वाढतंच असं सिद्ध झालेलं नाही. जपानच्या जेसीओजी 0603 चाचणीत नेमकं हेच दिसलं. इथे लांबलेला खंड आणि डावीकडची अनपेक्षित गाठ बघून ती द्यावी असं ठरलं.

फेब्रुवारीत लिव्हरचं माप 880 मिली होतं. ऑपरेशनच्या दिवशीच्या 440 च्या दुप्पट. सीईए 2.4.

पुरात अडकलेली तारीख

लिव्हरमधल्या गाठी काढल्यानंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत कॅन्सर परततो, आणि बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून या काळात दर तीन महिन्यांनी सीईए, तीन ते सहा महिन्यांनी सीटी. फेब्रुवारी आणि मेच्या तारखा पाळल्या गेल्या. पुढची तारीख ऑगस्टची होती. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी त्यावर गेलं, गावचा रस्ता बंद झाला, जनावरं हलवायची होती. पूर ओसरला तरी रुग्ण आला सप्टेंबरच्या मध्याला.

सीईए 11.4. सीटीत सेगमेंट 2 मध्ये 2.1 सेंमीची एकच गाठ. लिव्हर आता 1010 मिली, प्रमाण मापाच्या 75 टक्के. जो भाग आपण वाढवला, त्याच भागात.

पहिल्या वेळच्या 8 मिलिमीटरच्या गाठीसारखीच ही पेशी तिथे आधीपासून असावी, आणि वाढीच्या हंगामात तिलाही पाणी मिळालं असावं. नक्की सिद्ध करता येणार नाही, पण जागा आणि वेळ दोन्ही त्याकडेच बोट दाखवतात. छाती आणि पोटात आणखी कुठे काही नाही, हे पीईटी स्कॅनने पाहून घेतलं. या वेळी एमआरआय वगळला नाही. ही गाठ सोडली तर तोही स्वच्छ.

निर्णय: पुन्हा ऑपरेशन, पण लहान. तीन सेंमीच्या आतल्या गाठी मायक्रोवेव्हने जाळणं हाही चांगला पर्याय आहे. इथे गाठ जठराला चिकटून होती, जाळताना जठर भाजण्याची भीती होती, म्हणून कापायचं ठरलं. सुमारे 90 मिली भाग निघाला. 920 मिली उरलं. पोर्टल शीर बंद करायची गरज नाही, मोठी वाढ घडवायची गरज नाही. दुसऱ्यांदा लिव्हरचं ऑपरेशन म्हटल्यावर घरचे खचतात, पण निवडक रुग्णांत त्याचा फायदा पहिल्या ऑपरेशनच्या जवळपास जातो.

पहिल्याच वेळी असं लहान ऑपरेशन करता आलं असतं का, हा प्रश्न टाळता येत नाही. तीनपैकी दोन गाठी कोरून काढता आल्या असत्या. मोठी गाठ उजव्या हेपॅटिक शिरेला लागून होती, ती शीर वाचवता आली नसती. म्हणून उजवा भाग काढणं बरोबरच होतं असं आम्हाला वाटतं. पण जिथे गाठी कडेला आहेत तिथे लिव्हर जितकं वाचवता येईल तितकं वाचवावं: पुन्हा वेळ आली तर कापायला जागा उरते, आणि वाढीचा लोंढाही लहान राहतो.

दुसऱ्या ऑपरेशननंतर रुग्ण पाचव्या दिवशी घरी गेला. रिपोर्टवरच्या प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलने मराठी अर्थ लिहून दिला आहे. पुढच्या वर्षीची पावसाळ्यातली तपासणी ऑगस्टऐवजी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे, आणि त्यानंतरची सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मध्ये रस्ता बंद झाला तर सीईएचा नमुना कुठे द्यायचा, ते गाव आणि तो दवाखाना फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे.